हिरवी पट्टी

वैजयंता घुटुकडे हिने सोळा वर्षांच्या नोकरीत कुणाचा साधा तापही कधी खोटा लिहिला नव्हता. माणदेशातल्या पांढरवस्ती नावाच्या, डाळिंबाच्या बागांवर जगणाऱ्या गावात ती आरोग्यसेविका होती. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि मागे तिची राहायची खोली. आसपासच्या चार वाड्यांमधली कुठली बाई कितव्या महिन्यात आहे, हे तिला यंत्रात न बघता सांगता यायचं. तरीही २०३८ सालच्या श्रावणात तिने एक खोटी नोंद केली. जिच्या भल्यासाठी केली, तिच्याच मुळावर ती आली.

त्या बाईचं नाव तनुजा हिप्परकर. वय चोवीस. डाळिंबाच्या पॅकिंग शेडमध्ये ती फळांची प्रतवारी करायची. नवरा विश्वजीत बागांवर ड्रोनने फवारणी करायचा. घरात सासू पारूबाई, थोरली जाऊ आणि जावेचं आठ महिन्यांचं बाळ. तनुजाचं पहिलं मूल दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यातच जन्मलं होतं आणि नऊ दिवस काचेच्या पेटीत राहून गेलं होतं. का गेलं, ते तेव्हा कुणाला सांगता आलं नव्हतं. असं कधी कधी होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले होते.

आता कारण सांगणारं यंत्र आलं होतं.

गरोदरपणात शरीरातली संप्रेरकं वाढतात आणि हिरड्या सुजतात, हुळहुळ्या होतात. चूळ भरताना रक्त दिसतं. बहुतेक बायका ‘उष्णता झालीय’ म्हणून सोडून देतात. पण दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत जे जंतू राहतात, ते या सुजलेल्या हिरडीतून रक्तात शिरतात आणि वाहत वाहत वारेपर्यंत पोचतात. वार म्हणजे बाळाला आईकडून अन्न देणारा अवयव. तिथे दाह सुरू झाला की शरीर फसतं. कळा सुरू करणारी जी रसायनं नवव्या महिन्यात तयार व्हायची, ती सातव्यातच तयार होऊ लागतात. बाळ लवकर येतं आणि लहान येतं. हिरड्या आणि अपुऱ्या दिवसांची बाळं यांचा काहीतरी संबंध आहे, हे डॉक्टरांना जुनंच ठाऊक होतं. कोडं एवढंच होतं की गरोदरपणी दात साफ करून कुणाला गुण यायचा, कुणाला यायचा नाही. ते कोडं सुटलं होतं. त्या जंतूंच्या एकाच वाणाच्या अंगावर असं प्रथिन सापडलं, की जे वारेच्या पेशींना कुलपात किल्ली बसावी तसं बसतं. बाकीचे वाण तोंडात कितीही असले तरी तितके घातक नव्हते.

मग लाळपट्टी आली. गरोदर बाईने ती अर्धा मिनिट जिभेखाली धरायची आणि सुपारीच्या डबीएवढ्या यंत्रात सरकवायची. यंत्र शून्य ते शंभरमधला आकडा सांगायचं. साठच्या वर लाल, खाली हिरवा. लाल आला तर उपाय होता. हिरडीखालचं कीटण खरवडून काढायचं आणि खाचेत एक जेल भरायचं. जेलमधले विषाणू फक्त त्या एका वाणाला खायचे, बाकी कशाला हात लावायचे नाहीत. अट एकच होती. हे सगळं चोविसावा आठवडा लागण्याआधी व्हायला हवं होतं. त्यानंतर दाह वारेत मुरलेला असे, आणि मग जेल घालून न घालून सारखंच.

म्हणजे कागदावर प्रश्न सुटला होता. पांढरवस्तीत पट्ट्यांची खोकी दर महिन्याला न चुकता यायची, जागा पुरत नाही म्हणून वैजयंताने ती तिच्या खोलीत पलंगाखाली रचली होती. जेल मात्र यायचं ते फक्त दातांच्या गाडीतून, आणि ती गाडी अख्ख्या तालुक्याला एक होती.

तनुजाची पहिली पट्टी चौदाव्या आठवड्यात झाली. आकडा आला एकाहत्तर. तनुजाला तो कळायच्या आतच विश्वजीतच्या फोनवर संदेश गेला होता. ‘आपल्या पत्नीच्या हिरड्यांच्या आजारामुळे आपल्या बाळाला धोका आहे. कृपया दक्षता घ्यावी.’ हे वाक्य बदला, असं वैजयंताने वर्षभरात तीनदा वर लिहून कळवलं होतं. ‘पत्नीला उपचाराची गरज आहे’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिन्ही वेळा उत्तर आलं की आपली सूचना मोलाची आहे.

संदेश घरात वाचून दाखवला गेला तेव्हा पारूबाई चुलीपुढे बसून होती. तिने ऐकलं आणि म्हणाली, “म्हंजी पैलं बी हिच्याच तोंडानं गेलं म्हणायचं.”

त्या घरात ते वाक्य पुढे दीड महिना पुरलं. तनुजा मशेरी लावायची, हे खरं होतं. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि सकाळी दातांना चोळायची. पण ती सवय तिने माहेराहून आणली नव्हती. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिची दाढ ठणकायला लागली, तेव्हा पारूबाईनेच आपल्या डबीतली चिमूट तिच्या तळहातावर ठेवली होती. आकडा कळला त्या दिवसापासून तनुजाने मशेरीला हात लावला नाही. पारूबाईची डबी तशीच चालू राहिली. मला काय आता पोर व्हायचंय, असं तिचं म्हणणं होतं.

तनुजाचा पेला वेगळा झाला. जावेने बाळ तिच्या मांडीवर द्यायचं बंद केलं. लाळेतून पसरतं, असं कुणीतरी शेडमध्येही बोललं आणि तिला प्रतवारीवरून काढून मागच्या बाजूला खोकी चिकटवायला बसवलं. वैजयंता तीनदा घरी जाऊन आली. पेल्यातून असं काही होत नाही, आणि जे काही आहे ते पारूबाईच्याही तोंडात असणार, हे तिने सांगून पाहिलं. त्यावर पारूबाई दुखावली आणि आठ दिवस बोलली नाही.

तनुजा मीठपाण्याच्या चुळा भरायची, दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात घासायची. सोळाव्या आठवड्यात अडुसष्ट, अठराव्यात चौसष्ट. आकडा उतरत होता, पण कीटण हिरडीच्या आत होतं आणि तिथे ब्रश पोचत नव्हता. दातांची गाडी सोळाव्या आठवड्यात येणार होती, ती यंत्र बिघडलं म्हणून आली नाही. अठराव्यात येणार होती, तेव्हा दातांच्या डॉक्टरांना कुठल्या तरी मोठ्या शिबिराला पाठवलं होतं. वैजयंताच्या यादीत तेव्हा एकोणीस लाल बायका होत्या. ती रोज मदतक्रमांकाला फोन लावायची आणि रोज एक गोड आवाज तिला सांगायचा की आपली नोंद झाली आहे. तो आवाज माणसाचा नाही, हे ठाऊक असूनही एकदा ती त्याच्यावर ओरडली. आवाजाने तिचे आभार मानले.

शेवटी, जेल नाही तर निदान कीटण तरी काढून मिळावं म्हणून तिने तनुजाला स्वतः बसने तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने तनुजाचं कार्ड यंत्रावर ठेवलं, लाल खूण बघितली आणि हात जोडले. पुढे बाळाला काही झालं तर शेवटचा हात लावणारा म्हणून त्याचंच नाव लागणार होतं. सरकारी पत्र आणा, मी करतो, म्हणाला. पत्र देणारं कुणी नव्हतं.

विसाव्या आठवड्यात तनुजा पट्टीसाठी आली ती एकटीच, दोन मैल चालत. ती आत आली आणि तपासणीच्या स्टुलावर न बसता दाराशीच उभी राहिली. पुढच्या सोमवारी जावेच्या बाळाचं जावळ होतं. पाहुणे येणार होते. आकडा हिरवा होईपर्यंत तिने बागेतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत राहायचं, असं घरात ठरलं होतं. त्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. विश्वजीत काय म्हणाला, असं वैजयंताने विचारलं. तो काहीच म्हणाला नाही, हेच तनुजाला जास्त लागलं होतं.

“ताई, एकदाच हिरवं करून द्या,” तनुजा म्हणाली. “पुढच्या वेळी परत खरं लिहा.”

असं होत नाही, म्हणून वैजयंताने तिला गप्प केलं आणि नवी पट्टी फोडली. मग ती पट्टी हातात धरून बसून राहिली. गाडी आलेली नव्हती आणि येण्याचं चिन्हही नव्हतं. लाल लिहिलं काय नि हिरवं लिहिलं काय, तनुजाच्या हिरड्यांना त्याने काही फरक पडणार नव्हता. फरक पडणार होता तो ती झोपणार कुठे, एवढाच. वैजयंताने पट्टी स्वतःच्या जिभेखाली ठेवली. मनात तीस आकडे मोजले. यंत्राने बारा दाखवला.

संध्याकाळी पारूबाई स्वतः उपकेंद्रात आली. नारळ, खण आणि तांदूळ घेऊन. तिने वैजयंताला पाटावर बसवून तिची ओटी भरली आणि तिच्या हाताला यश आहे असं म्हणाली. वैजयंताला मान वर करून तिच्याकडे बघता आलं नाही. जावळाच्या दिवशी तनुजाच्या मांडीवर बाळ होतं, हे तिला नंतर कळलं.

हिरव्या बाईची पुढची पट्टी आठ आठवड्यांनी असते आणि लाल यादीतून तिचं नाव आपोआप उतरतं, हे वैजयंताला ठाऊक होतं. तिने मनाशी ठरवलं होतं की गाडी येईल असं कळलं की काहीतरी कारण काढून फेरतपासणी लावू. पूर्वी एकदोनदा तसं करता आलं होतं. पण या महिन्यात ती सोय काढून टाकली होती. सेविका फार वेळा फेरतपासण्या लावतात आणि पट्ट्या वाया जातात, असं कारण होतं.

आणि आठव्या दिवशी संदेश आला की गाडी येते आहे. उद्या, सकाळी दहाला, अठरा बायका.

गाडी खरंच आली. तिच्यात डॉक्टर निखत मुजावर होत्या, पस्तिशीच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या. त्यांनी खुर्ची उघडली, यादी लावली आणि कामाला सुरुवात केली. अठरा बायका पडवीत ओळीने बसल्या होत्या. एकोणिसावी तनुजा वैजयंताच्या निरोपावरून आली होती आणि कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून मागच्या खोलीत बसली होती.

दुपारी वैजयंता गाडीत चढली आणि अजून एक बाई आहे म्हणाली. डॉक्टरांनी नाव विचारलं, यंत्रात पाहिलं आणि ती तर हिरवी आहे, म्हणाल्या. मग त्यांनी जेलची नळी दाखवली. नळीच्या टोकाला एक झडप होती. ज्या बाईच्या नावावर नळी आलेली असेल, तिचं कार्ड टेकवल्याशिवाय ती उघडत नव्हती. जेल बाहेर विकलं जाऊ नये म्हणून तशी योजना केली होती.

“ती हिरवी नाही, मॅडम. ती लाळ माझी होती.”

खुर्चीवरच्या बाईचं काम डॉक्टर मुजावरांनी पुरं केलं, हातमोजे काढले आणि मग विचारलं, चोविसाव्याला किती दिवस आहेत? एकोणीस, वैजयंता म्हणाली. मग आत्ताच्या आत्ता जिल्ह्याला कळवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. वैजयंताने गाडीच्या पायरीवर बसून फोन लावला. पलीकडून कुणीतरी सगळं ऐकून घेतलं आणि लेखी द्या म्हणाला. तिथेच बसून तिने आपला गुन्हा फोनवर टाइप केला आणि पाठवला. ‘आपली नोंद झाली आहे’ असं उत्तर आलं.

चार वाजता यादी संपली. तेव्हा डॉक्टर मुजावरांनी तनुजाला आत बोलावलं आणि कुठलंही कार्ड न टेकवता, साध्या हत्यारांनी, तिचा एकेक दात हिरडीच्या आतपर्यंत खरवडून काढला. सव्वा तास लागला. तनुजा खुर्चीचे हात घट्ट धरून होती. वैजयंता तिच्या तोंडातलं रक्त टिपत होती. हे काम कुठेच नोंदलं जाणार नव्हतं.

“हे अर्धंच झालं,” हात धुताना त्या म्हणाल्या. “कीटण निघालं, पण जंतू खाचेत उरलेच असतील. जेल मिळालं पाहिजे. एकोणीस दिवसांत नोंद दुरुस्त करून घ्या, मी कुठूनही येईन.”

वैजयंताने आठ दिवसांत करून आणते, असा शब्द दिला.

पुढचे दिवस तिने बसमध्ये आणि बाकड्यांवर काढले. नोंद दुरुस्त करायला नवी पट्टी हवी होती. नव्या पट्टीसाठी आठ आठवड्यांचं कुलूप काढायला हवं होतं. कुलूप काढायला चौकशी अधिकाऱ्याचा आदेश हवा होता, आणि चौकशी सुरू व्हायला आधी आरोपपत्र. तिने गुन्हा कबूल केला आहे, मग आरोप कशाला सिद्ध करायचा, असं ती प्रत्येक टेबलाशी विचारायची. प्रत्येक टेबलामागचा माणूस सभ्य होता. एकाने तिला चहासुद्धा पाजला. चार फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला तिच्या हातात निलंबनाचा कागद पडला, तो मात्र दोन दिवसांत तयार झाला होता.

कुलूप निघालं सव्विसाव्या दिवशी. शेजारच्या उपकेंद्रातल्या नव्या सिस्टरने तनुजाची पट्टी घेतली. आकडा आला एकसष्ट. एकाने लाल. खाली यंत्राने लिहिलं होतं की पंचविसावा आठवडा चालू असल्याने उपचाराची मुदत संपली आहे.

त्याच दिवशी विश्वजीतच्या फोनवर दुसरा संदेश गेला. आधीची नोंद खोटी होती, पत्नीमुळे बाळाला धोका आहे. तो मोटरसायकलवरून तडक उपकेंद्रात आला. वैजयंता मागच्या खोलीत सामान बांधत होती. तुम्ही आमच्या घरात खोटं घातलंत, म्हणाला. तिने ते नाकारलं नाही. मग शांतपणे विचारलं, मोटारीच्या खोलीला कडी का नव्हती? तो उंबऱ्यावर बसला आणि, आता काय करायचं ते तरी सांगा, म्हणाला. तिने जे होतं ते सांगितलं. वजन उचलायचं नाही, पोट दगडासारखं कडक झालं की थांबायचं नाही, आणि जिथे लहान बाळांसाठी काचेची पेटी आहे अशाच दवाखान्यात न्यायचं. त्याने सगळं फोनमध्ये लिहून घेतलं. तनुजा पुन्हा मोटारीच्या खोलीत गेली नाही, ती त्याच्यामुळे. पारूबाईने मात्र वैजयंताचं नाव टाकलं.

तेहतिसाव्या आठवड्यात भर दुपारी तनुजाला कळा सुरू झाल्या. विश्वजीतने वाट बघितली नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचल्यावर दोन तासांत मुलगी झाली, एक किलो सहाशे चाळीस ग्रॅमची. तिला श्वास घ्यायला यंत्र लागलं. चोवीस दिवस ती पेटीत होती. त्यातले पहिले नऊ दिवस तनुजा पाण्याखेरीज काही घ्यायला तयार नव्हती. दहाव्या दिवशी जेवली.

मुलगी वाचली. डॉक्टर मुजावरांनी हाताने दात खरवडले म्हणून ती पहिल्या मुलापेक्षा चार आठवडे उशिरा आली, की जेल मिळालं नाही म्हणून सात आठवडे लवकर आली, हे कुठल्याही यंत्राला सांगता येत नव्हतं.

वैजयंताची चौकशी त्यानंतर झाली. अधिकाऱ्याचं नाव देशमाने. निवृत्तीला आलेला, थकलेला माणूस. त्याने सगळी कागदपत्रं तिच्यापुढे सरकवली आणि वाचून सही करायला सांगितलं. सातव्या पानावर विसाव्या आठवड्यातल्या त्या पट्टीचा संपूर्ण अहवाल होता. तिने आजवर फक्त आकडा बघितला होता. संपूर्ण अहवाल सेविकेला दिसत नसे. आकड्याच्या खाली आणखी एक ओळ होती. नमुन्यात गरोदरपणाची संप्रेरकं आढळली नाहीत, लाळ गर्भवती स्त्रीची नसावी. वेळ होती त्याच दिवशीची, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटं. पट्टी घातल्यानंतर चार मिनिटांनी.

तिने ती ओळ दोनदा वाचली.

“म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?”

“यंत्राला कळलं होतं,” देशमाने म्हणाले. “हे वेगळ्या पानावर जातं. ते पान आमच्या रोजच्या अहवालात येत नाही.”

“मग अहवालात काय येतं?”

“हिरव्यांची टक्केवारी.”

गाडी त्यानंतर नऊ दिवसांनी आली होती. पट्टी घातली त्याच दिवशी कुणी तिला एक फोन केला असता, तर तिने तिथल्या तिथे कबूल केलं असतं आणि दुरुस्तीला सव्वीस दिवस लागूनही तनुजाला जेल मुदतीत मिळालं असतं. असे किती अहवाल पडून आहेत, असं तिने विचारलं. देशमान्यांनी सांगावं की नको असा विचार केला आणि सांगितलं. सहा महिन्यांत अकराशे चाळीस, एकट्या या जिल्ह्यात. कुणी बहिणीची लाळ दिली होती, कुणी शेजारणीची, कुणी शाळकरी मुलीची. हिरव्यांची टक्केवारी वाढली म्हणून गेल्याच महिन्यात जिल्ह्याचा सत्कार झाला होता.

तिने पांढरवस्तीच्या आसपासची नावं मागितली. ती गोपनीय आहेत, म्हणाले. त्या बायकांना कळवणार का, असं विचारलं, तर तसा आदेश नाही, म्हणाले. वैजयंताने सही केली.

मुलगी घरी आल्याला आठ दिवस झाल्यावर वैजयंता हिप्परकरांच्या घरी गेली. तनुजा आतल्या खोलीत होती, मुलगी तिच्या छातीशी उघड्या अंगाने बांधलेली, वरून लुगड्याचा पदर. पारूबाई वैजयंताला बघून उठून गेली, पण चौकटीच्या पलीकडेच थांबली.

वैजयंता जमिनीवर बसली. चौकशीत जे कळलं ते तिने सांगितलं. तनुजाने सगळं ऐकून घेतलं. तिचा हात मुलीच्या पाठीवरून हलला नाही.

“मी घाबरले होते, म्हणून मागितलं,” ती म्हणाली. “मला काय माहीत, हिरवं झालं की नाव उतरतं. तुम्हाला माहीत होतं ना?”

“होतं.”

तनुजाने मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि वैजयंतानेही ते मागितलं नाही. मुलीने झोपेत तोंड हलवलं. दोघींनी तिच्याकडे बघितलं.

“अकराशे म्हणालात,” तनुजा म्हणाली. “आमच्या शेडमध्येच तिघी आहेत. दोघींची आता वेळ गेलीय. सायली खिलाऱ्यांची अजून आहे. डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटलीत धाकट्या बहिणीची लाळ घेऊन जाते ती. खरा आकडा तिच्या नवऱ्याला कळू द्यायचा नाही तिला.”

“कितवा आठवडा?”

“परवा एकविसावा लागला म्हणत होती.”

वैजयंताने हिशेब केला. चोविसावा लागायला एकोणीस दिवस होते. नोंद दुरुस्त व्हायला सव्वीस लागले होते. ती आता सेविकाही नव्हती, तिला कुणी पट्टीला हात लावू दिला नसता. हे सगळं एकदा मनातून फिरून गेलं आणि तिला संताप आला. मग ती उठली.

दाराशी पारूबाई चपला पायात सरकवत होती. वैजयंताकडे न बघता ती बोलली. “सायलीची सासू माझ्या माहेरची हाय. तुमचं ऐकायची न्हाय ती. मी येते.”

अंगणात उतरता उतरता वैजयंताने डॉक्टर मुजावरांना फोन लावला. एक बाई आहे, हत्यारं घेऊन याल का, असं विचारलं. पलीकडे कुठल्या तरी गावात गाडीचं यंत्र घरघरत होतं.

“यादीत नाव आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही.”

यंत्र बंद झाल्याचा आवाज आला.

“येते,” त्या म्हणाल्या. “पत्ता सांगा.”